चार मात्रांची चूक

‘ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघून देशील का? पुस्तिका छापायला टाकायचीय.’

एवढाच निरोप. त्याला जोडलेली गाण्यांच्या शब्दांची फाइल, खाली गाणी ऐकायची लिंक आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र. आमच्यात हात जोडायची पद्धत कधीच नव्हती. मी स्टाफरूममध्ये आठवीचे पेपर तपासत बसले होते. फोन पालथा घालून मी पुढचे दोन पेपर तपासले आणि दोन्ही मुलांना कारण नसताना अर्धा-अर्धा मार्क कमी दिला.

मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा शुद्धलेखनासाठी माझ्याकडे यावं यात गैर काही नाही. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, कुणाच्या तरी सासऱ्यांचं आत्मचरित्र, सगळं माझ्याकडेच येतं. पण हिने? जिच्या शेजारी बसून मी कॉलेजपासून पुढची कित्येक वर्षं गायले, तिने स्वतःचा पहिला अल्बम केला आणि त्यात मला काम दिलं ते वेलांट्या बघायचं. अल्बम करतेय हेसुद्धा तिने मला सांगितलं नव्हतं. फोनवर फिरत फिरत आलेल्या एका पोस्टमधून कळलं होतं, तेही आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंनी दाखवलं म्हणून.

मी ‘पाठव’ असं लिहिलं. आधीच पाठवलंय हे लक्षात आल्यावर ते पुसून ‘बघते’ असं लिहिलं.

तिचे वडील खडकीच्या कारखान्यात होते आणि ती मंडळी तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायची. मी नारायण पेठेतली. आमच्या घरी जागा होती पण माणसंही होती, आणि प्रत्येकाला गाण्यातलं कळत होतं. तिच्या घरी दोनच खोल्या, त्यात वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले. त्यामुळे आम्ही जिन्यात बसून गायचो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जो छोटा चौक होता तिथे आवाज असा काही घुमायचा की साधा ‘सा’ लावला तरी आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. तिच्याकडे भावाची गिटार होती. पाळी संपवून वर जाणारी माणसं सायकलची किल्ली हातात घोळवत यायची, आम्ही पाय आखडून घ्यायचो, माणसं गेली की आम्ही पुन्हा सुरू.

शब्द तिचे, चाल दोघींची. आवाज मात्र माझा. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, तसंच होतं. माझा आवाज मोठा, मोकळा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. आजही शाळेच्या प्रार्थनेला मला माईक लागत नाही. तिचा आवाज लहान, थोडा घोगरा, ओळीच्या शेवटी विरून जाणारा. ती माझ्याखाली दुसरा आवाज धरायची, आणि कार्यक्रम झाल्यावर लोक मला भेटायला यायचे. एकदा एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, शेजारच्या बाईंचा माईक बंद होता का. ती त्यावर मनापासून हसली होती आणि नंतर कितीतरी दिवस मला ‘शेजारच्या बाई’ असं चिडवत होती, खरं तर शेजारच्या बाई ती होती.

आमचं गाणं थांबलं ते भांडण होऊन नाही. भांडण झालं असतं तर फार सोयीचं झालं असतं. मला नोकरी लागली, तिला कंपनीत नोकरी लागली, तिचे वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटली, ते कोथरूडला गेले. पुढच्या महिन्यात बसू, दिवाळीनंतर बसू, असं करता करता आमचं बसणं राहून गेलं. वाढदिवसाला निरोप तेवढे येत-जात राहिले.

गाणी मी लगेच ऐकली नाहीत. आधी शब्द तपासायला घेतले, लाल अक्षरांत. सरळच सांगते, मला चुका हव्या होत्या. पानोपानी हव्या होत्या. पण तिचं मराठी पहिल्यापासून नीटनेटकं. दोन ठिकाणी ‘माहित’ सापडलं, त्याचं ‘माहीत’ केलं. एका ‘सुरवात’चं ‘सुरुवात’ केलं. एक अनुस्वार सुटला होता. आठ गाण्यांत एवढंच. अशी उत्तरपत्रिका आली की मी मुलांना शाबासकी देते. इथे मात्र मी वैतागून फाइल बंद केली आणि ठरवलं, आता गाणी ऐकूनच तपासू, ऐकताना सापडेल काहीतरी.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ऐकायला बसले. पोस्टमध्ये वाचलं होतं की हिने हा सगळा अल्बम घरातच केलाय. कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची खोली, कपाटाच्या दारांवर टाकलेल्या गोधड्या, पंखा बंद, आणि माईक ओठांच्या इतका जवळ की जरा मोठ्याने गायलं की आवाज फाटावा. बरोबर कोणी नाही. गिटार तिची, एका गाण्यात पेटी आहे तीही तिची, आणि पेटीवर सगळा वेळ एकच सूर धरलेला. मी मनाशी म्हटलं होतं, म्हणजे हौस. निवांत वेळ असलेल्या बाईची हौस.

पहिल्या गाण्यात आधी खुर्ची कुरकुरली. मग तिने श्वास घेतला तो ऐकू आला. आम्हाला ज्यांनी थोडंफार शिकवलं ते श्वास ऐकू आला की पट्टी आपटायचे. आणि मग ती गायला लागली, नेहमीच्याच त्या लहान आवाजात, आणि मला एकदम कळेना की ही बसलीय कुठे. ती माझ्या कानात बसली होती. दुसऱ्या गाण्याच्या मागे कुठेतरी खाली पार्किंगमध्ये गाडी मागे घेतल्याची पिपाणी वाजत होती, ती तिने तशीच राहू दिली होती आणि, काय सांगू, ती पिपाणीसुद्धा सुरात लागली होती. ज्या आवाजाला आम्ही सगळे मिळून ‘थोडा अजून काढ, थोडा अजून’ म्हणत राहिलो, तो तिने काढलाच नाही. उलट आणखी आत नेला आणि माईक जवळ ओढला.

मला हेवा वाटला. असूया, मत्सर, जे काय शब्द आहेत ते सगळे. शिकवते मी ते. पोटात दुखतं म्हणतात ना, तसं खरोखर बरगडीच्या खाली काहीतरी दुखायला लागलं. वाईट असता अल्बम तर मी किती प्रेमाने बोलले असते त्याच्याबद्दल. सगळ्यांना पाठवला असता, माझी मैत्रीण म्हणून मिरवलं असतं.

नवरा शेजारी आडवा झाला होता. म्हणाला, छान आहे, झोप लागते अशा गाण्यांनी. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्यासाठी चहा टाकायला उठले. स्वयंपाकघरात दूध काढत होते तेवढ्यात त्याने आतून म्हटलं, ते पहिलं पुन्हा लाव ना. त्या दिवशीचा चहा त्याला बिनसाखरेचा मिळाला आणि तो बिचारा तसाच प्यायला.

पाचवं गाणं ‘जिना’. नाव वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. शब्द तपासताना मी ते वाचलंही होतं, पण वेलांट्या बघणारा माणूस गाणं वाचत नाही. आता ती गात होती:

आम्ही दोघी जिन्यात बसायचो,
वर जाणाऱ्याला वाट द्यायचो,
खाली येणाऱ्याला वाट द्यायचो,
गाणं मात्र कुणाला द्यायचो नाही.

पुढे सायकलच्या किल्ल्या होत्या, आखडलेले पाय होते, आणि ‘तिचा आवाज गच्चीवर जायचा, माझा पायरीवर बसायचा’ अशी ओळ होती. म्हणजे मी होते. अल्बममध्ये मी होते. डोळे भरून आले, ते मी पुसले, आणि मग त्या पहिल्या शब्दापाशी मला ठेच लागली.

आठवीला मी सर्वनामं शिकवते तेव्हा एक उदाहरण दर वर्षी देते. कोणी ‘आपण सहलीला जाऊ’ म्हटलं की तुम्ही डबा भरायचा. ‘आम्ही सहलीला जातोय’ म्हटलं की तुम्ही घरी. पोरं हसतात आणि कायमचं लक्षात ठेवतात. ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर. आता इथे ऐकणारी कोण? मी. आणि ती मलाच ऐकवत होती की आम्ही दोघी जिन्यात बसायचो. आम्ही म्हणजे कोण गं? मग मी कोण?

मी फाइल उघडली, ‘आम्ही’वर लाल रेघ मारली आणि वर ‘आपण’ लिहिलं. गाण्यात जिथे जिथे आलं होतं तिथे तिथे लिहिलं. समासात टीपही दिली: मात्रा चारच, चालीला धक्का नाही. आणि पाठवून दिलं. तोंडाने सांगायची छाती नव्हती, म्हणून व्याकरणाच्या तोंडून सांगितलं असं म्हणा हवं तर. मला एवढंच हवं होतं की तिने मला ‘आपण’ म्हणावं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आम्ही फोनवर बोलून वर्ष तरी झालं असेल. तिने आभार मानले, ‘माहीत’वरून स्वतःलाच हसली, माझ्या घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाली, “बाकी सगळं घेते. ‘जिना’त मात्र आम्हीच आहे गं. तसंच गायलंय.”

मी म्हटलं, ते चुकलंय.

“चुकलेलं नाही,” ती म्हणाली.

मी तिला आठवीच्या वर्गाला सांगते तसं सगळं सांगितलं, सहलीसकट आणि डब्यासकट. जरा चढ्या आवाजातच. मात्रा सारख्या आहेत, तेवढ्या ओळी पुन्हा गाऊन जोडता येतील, हल्ली काय वाटेल ते जोडता येतं, असंही म्हटलं. ती पूर्ण ऐकून घेत होती. तिची ही ऐकून घेण्याची सवय पूर्वीपासून माझ्या डोक्यात जाते.

“आपण म्हटलं असतं तर ते तुला सांगितलेलं गाणं झालं असतं,” ती म्हणाली. “ते तुझ्याबद्दल आहे. तुला सांगितलेलं नाहीये.”

मग कुणाला सांगितलंय, मी विचारलं.

“जो कोणी ऐकत असेल त्याला.”

मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली, ती दोन दिवसांची मळून ठेवली.

तोवर मला तिचा हेवा वाटत होता. त्या दिवसापासून ऐकणाऱ्यांचा वाटायला लागला, आणि तो फार वाईट. अल्बमच्या आधी तिने ‘जिना’ तेवढं एकटं ऐकायला सोडलं होतं, आणि ज्यांनी तो जिना पाहिलाही नव्हता ती माणसं त्याच्यावर हक्काने रडत होती. कुणी कुणी गाण्याखाली लिहिलं होतं की मलाही माझी शाळेतली मैत्रीण आठवली. आठवू दे ना, पण मग तिला फोन करा, इथे कशाला लिहिता. कॉम्प्युटरच्या बाई तर मधल्या सुट्टीत इअरफोनचं एक बोंडूक माझ्या कानात खुपसून म्हणाल्या, “मॅडम, हे ऐकाच. कसलं भारी आहे. ती दुसरी कोण असेल हो? तिला काय वाटत असेल, आपल्यावर कुणी असं गाणं केलंय म्हटल्यावर.”

“असेल कोणीतरी,” मी म्हणाले आणि डब्यातली भाजी संपवली.

कार्यक्रम तिच्याच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये होता. तिचा निरोप आला, ‘ये.’ या वेळी हात जोडलेले नव्हते. मी जाणार नाही असं ठरवलं आणि साडी इस्त्रीला टाकली. नवऱ्याने साडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडीत पेट्रोल आहे एवढंच म्हणाला.

सतरंज्या घातल्या होत्या, भिंतीकडेने ज्येष्ठांसाठी खुर्च्या. दारातल्या टेबलावर पुस्तिका ठेवल्या होत्या. मागच्या पानावर कोड, तो फोनला दाखवला की गाणी सुरू. मी एक उचलली आणि आधी शेवटचं पान उघडलं. आभाराच्या यादीत अगदी खाली ‘शुद्धलेखन’ आणि पुढे माझं नाव. गाणारीचं नाव नाही, तपासणारीचं. मग ‘जिना’चं पान काढलं.

‘आपण दोघी जिन्यात बसायचो’ असं छापलेलं होतं.

मी ते पुन्हा वाचलं. सगळीकडे ‘आपण’. मला वाटलं, चुकून राहिलं असणार. माझी तपासलेली फाइल तशीच छापखान्यात गेली असणार आणि ही बदलायला विसरली असणार. नाहीतर मग, आणि हे मी स्वतःशी फार हळू म्हटलं, आज ती ‘आपण’ गाणार असेल.

ती बुटक्या खुर्चीवर गिटार घेऊन बसली. केस पिकलेत तिचे, रंगवत नाही. तिने आवाज चढवला नाही, कुणाला गप्प बसा म्हटलं नाही. नुसती हळू गायला लागली आणि लोक आपोआप पुढे झुकले. भिंतीकडच्या काकांनी खोकला दाबून धरला. माझ्यासाठी कधी कोणी खोकला दाबल्याचं मला आठवत नाही. मी गायला लागले की कुणाच्या खोकल्याचा प्रश्नच यायचा नाही, तो ऐकूच यायचा नाही. मी सतरंजीवर बसून तिच्यावर जळत होते आणि तिचं गाणं संपू नये असंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

‘जिना’ आलं. मी मांडीवरची पुस्तिका घट्ट धरली. तिने डोळे मिटले आणि म्हटलं, “आम्ही दोघी.”

बास. मी मान खाली घातली. दुसऱ्या ओळीला माझ्या नकळत माझे पाय आखडले गेले, शेजारच्या मुलीला वाटलं मला मुंग्या आल्या, ती सरकली. पुढच्या ओळी मी नीट ऐकल्या नाहीत. राग येत होता तो आता वेगळाच. आवाजात ‘आम्ही’ आणि कागदावर ‘आपण’, आणि कागदावर माझं नाव. म्हणजे चूक माझ्या नावावर. या गावात कोणीतरी ती काढणार याची मला खात्री होती.

फार वेळ लागला नाही. कार्यक्रम संपून चहा आणि सुरळीच्या वड्या सुरू झाल्या. तिच्याभोवती माणसं होती, मी मुद्दाम वड्यांच्या टेबलापाशी थांबले होते. ते खोकला दाबणारे काका पुस्तिका उघडी धरून तिच्यापुढे आले. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खिशाला पेन.

“उत्तम,” ते म्हणाले. “फक्त एक मुद्रणदोष आहे. आपण गायलात ‘आम्ही’ आणि छापलंय ‘आपण’. सर्व ठिकाणी. शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी मग तपासलं काय?”

आसपासचे लोक वळले. कोणीतरी पुस्तिका उघडून बघायलाही लागलं. मी हातातली बशी ठेवली आणि पुढे गेले. कुणालातरी खाली मान घालून ऐकावं लागणारच होतं, तर मग मीच का ऐकू नये.

“मी तपासलंय,” मी म्हटलं.

काका माझ्याकडे वळले. आठवीच्या मुलांकडे मी ज्या नजरेने बघते ती नजर मी पहिल्यांदा समोरून पाहिली. मी तोंड उघडणार, छापखान्यावर ढकलणार, तेवढ्यात ती बोलली. चहाचा कप हातात तसाच, आवाज नेहमीसारखाच लहान, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“त्यांनी बरोबर तपासलंय, काका,” ती म्हणाली. “राहू द्या. ते आमच्यातलं आहे.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “असं होय,” म्हणाले, पुस्तिका मिटून खिशात घातली आणि बिनसाखरेचा चहा कुठेय ते विचारत निघून गेले.

तिचा तो आवाज, तो गप्प झालेला हॉल, ती आठ गाणी, सगळं मला तेव्हाही हवं होतं आणि आजही हवंय. त्यातलं काही कमी झालेलं नाही. पण मी इतकी वर्षं वर्गात सहलीचं जे उदाहरण देते त्यात त्या संध्याकाळी काका घरी राहिले होते आणि मी तिच्याबरोबर गेले होते.